किल्ली खिशातच होती

मी जॅमर बोलतोय. नो पार्किंगमध्ये लावलेल्या गाडीच्या चाकाला पिवळ्या रंगाचं एक लोखंडी धूड अडकवतात ना, तोच मी. सध्या मुक्काम चौकीतल्या मुद्देमालाच्या खोलीत. शेजारी जप्त केलेला एक प्रेशर हॉर्न आहे. उभं आयुष्य बोंबलण्यात गेलं, आता बिचारा तोंड उघडत नाही. माझ्या गळ्यात दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर लिहिलंय 'पुरावा'. एवढा मान घराण्यात याआधी कुणाला मिळाला नव्हता.

आधीच सांगून टाकतो, मी जन्माने खोटा जॅमर आहे. पण कामाला एकदम खरा बरं का!

जन्म चाकणचा. तिथल्या एका कंपनीत मोटारींचे सांगाडे बनतात. चांगला भाग मोटार होऊन गेला, उरलेल्या जाड पट्ट्या भंगारात आल्या, त्यातला मी. म्हणजे जी चाकं मी धरतो ती माझ्या भावंडांचीच. भंगारवाल्याकडून मी आलो रहाटणीत, ज्योतीरामच्या शेडमध्ये. हा औशाकडचा माणूस, ग्रिल आणि गेटं बनवायचा. त्याच्या बुटांवर ठिणग्यांनी पडलेली इतकी भोकं होती की आतले मोजे दिसायचे. माझी उंची माणसाच्या गुडघ्याएवढी, त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखतो. ते बूट मी कधी विसरणार नाही.

तर एक दिवस निरंजन नावाचा टॅक्सीवाला शेडमध्ये आला.

"ज्योतीरामभाऊ, एक जॅमर करून पाहिजे."

"पोलिसात भरती झालास का काय?"

"नाही हो. माझ्याच गाडीला लावायचाय."

ज्योतीरामने काळा चष्मा कपाळावर सरकवला. "डोकं ठिकाणावर हाय ना तुझं?"

"ऐका तर. टोइंगवाले येतात, गाडी उचलून नेतात. पण जिला आधीच जॅमर आहे तिला हात लावतात का? नाही. म्हणतात, हिचं झालंय, पुढं चला. बरं, ती गाडी जागची हलते का? तीही नाही. मग अख्ख्या गल्लीत निवांत कोण उभं असतं? जॅमरवाली!"

या बोलण्यात मला आजही खोट सापडलेली नाही. नको तिथे उभ्या राहिलेल्या गाडीला तिथेच पक्की बांधून ठेवायचं, ही अक्कल काही निरंजनची नव्हती, तो फक्त तिचा फायदा घेत होता. ज्योतीराम पोट धरून हसला आणि कामाला लागला. निरंजनने एकच सूचना दिली, "पोलीस असं लिहू नका, गुन्हा होतो. नुसतं 'नो पार्किंग' लिहा." अशा रीतीने छातीवर नो पार्किंग मिरवत मी पहिल्याच दिवशी नो पार्किंगमध्ये उभा राहिलो.

ती गल्ली पिंपरी कॅम्पातून मोठ्या दवाखान्याकडे जाते. आता तुम्ही म्हणाल, टॅक्सी स्टँड नाही का? आहे की! बोर्डसुद्धा आहे. बोर्डाखाली एका मंडळाची पत्र्याची शेड आहे, शेडवर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, आणि फ्लेक्सवर शुभेच्छुकांची इतकी दाटी आहे की टॅक्सीवाल्याने गाडी सोडा, स्वतःचा फोटोही तिथे घुसवला नसता. दवाखान्यातून भाडं तर मिळतं. मग गाडी लागते गल्लीत. समोर दुचाक्यांची रांग आणि फळांच्या गाड्या. मधे जो उरतो त्याला आपण रस्ता म्हणतो.

माझं काम सोपं होतं. गाडी लावली की निरंजन मला चाकाला अडकवायचा, भाडं आलं की हळूच काढून डिकीत टाकायचा. कोपऱ्यावर शहाळी विकणाऱ्या कुसुमताईंनी हा प्रकार दुसऱ्याच दिवशी पकडला.

"काय रे मेल्या, स्वतःच्याच पायात बेडी घालून घेतलीस?"

"बेडी कसली कुसुमताई, गाडीला तोडे घातलेत."

"घाल, घाल. एक दिवस हेच तोडे गळ्यात येतील."

पण हवालदार मारुतरावांनी मला पाहिलं त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती. त्यांचे बूट चकचकीत, डाव्या बुटाची नाडी कायम सुटलेली. ते थांबले, काठीने मला दोनदा ठोकलं आणि चिडून म्हणाले, "पलीकडच्या चौकीवाल्यांनी लावलेला दिसतोय. आमच्या हद्दीत येऊन कारवाई करतात म्हणजे काय!" आणि गेले. दुसऱ्या आठवड्यात पलीकडच्या चौकीचे हवालदार आले. त्यांनी मला मारुतरावांचा समजून तोंड वाकडं केलं आणि तेही गेले. दोन चौक्यांच्या मधे माझ्याइतकं सुखात कुणी राहिलं नसेल.

सुख लपत नाही हो. बाकीच्या टॅक्सीवाल्यांनी ज्योतीरामच्या शेडकडे रांग लावली. गेटांची कामं बाजूला पडली, जॅमर सुरू झाले. कुलपं त्याने ठोकमध्ये आणली, सगळी एकाच साच्यातली. एका किल्लीने सगळी उघडायची. "आपसातच तर हाय," म्हणाला. बघता बघता गल्लीत एका ओळीत पिवळे जॅमर चमकायला लागले. येणारेजाणारे कौतुकाने म्हणायचे, "अरे वा, पोलीस किती कडक झालेत!"

खंडेनवमीला तर कहर झाला. आपल्याकडे त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा होते, रिक्षाला हार पडतो, पान्यांनासुद्धा हळदकुंकू लागतं. मग मी काय कमी? निरंजनने टॅक्सीला झेंडूचा हार घातला, एक मला घातला, नारळ फोडला. नेमके मारुतराव आले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी निरंजनची पाठच थोपटली. "शाब्बास रे! दंड होऊनही सरकारी वस्तूचा मान ठेवता. याला संस्कार म्हणतात." त्यांनी पेढा खाल्ला, माझा फोटो काढला आणि चौकीच्या ग्रुपवर टाकला.

दिवाळी उलटली आणि तो दिवस आला. दुपारची वेळ. गल्लीत समोरून पाण्याचा टँकर शिरला, मागून शाळेची बस. दोघंही अडकले. मागे रिक्षा, दुचाक्या, टेम्पो, आणि सगळ्यांचे हॉर्न. मारुतराव शिट्टी फुंकत धावले.

"कुणाच्या आहेत या टॅक्स्या? काढा आधी!"

"काढली असती हो साहेब," निरंजन म्हणाला, "पण जॅमर आहे ना."

"माझ्याला पण आहे," शेजारचा टॅक्सीवाला म्हणाला.

"माझ्याला पण. तुमच्याच लोकांनी लावलाय," तिसरा म्हणाला.

मारुतरावांनी पलीकडच्या चौकीला फोन लावला, "तुमचे जॅमर काढायला माणूस पाठवा." तिकडून उत्तर आलं, "आमचे कुठले? तुमचेच ते. ग्रुपवर फोटो तुम्हीच टाकला होतात." झालं, हद्दीवरून दोघांची जुंपली. आणि सगळे टॅक्सीवाले, खिशात किल्ल्या घेऊन, आपापल्या गाडीशी हताश उभे. सगळ्यात जास्त आवाज निरंजनचा. "ही काय पद्धत झाली? सामान्य माणसाने करायचं तरी काय!" खरं सांगतो, मला हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात एक रिक्षा कशीबशी घुसत माझ्या अगदी मागे येऊन अडकली. तिच्या पायरीवर रक्ताचे थेंब पडत होते. आणि त्या रक्ताशेजारी मला बूट दिसले. भोकं पडलेले.

ज्योतीराम होता. ग्राइंडरची चकती फुटून उजव्या हातावर बसली होती. त्याची बायको पिंकी टॉवेलात गुंडाळलेला हात दोन्ही हातांनी धरून बसली होती. "वाट द्या हो! यांचा अंगठा तुटायला आलाय. रहाटणीतले डॉक्टर म्हणले, मोठ्या दवाखान्यात लवकर नेला तर जोडतील. वाट द्या की हो कुणीतरी!"

दवाखान्याचं गेट गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. ज्योतीराम उभा राहिला की त्याचे डोळे फिरायचे, आणि माणसाला उचलून न्यायचं तर गाड्यांमधून तेवढी फट नव्हती.

निरंजन वळला. त्याने ज्योतीरामला पाहिलं आणि त्याचा हात खिशात गेला. माझ्या कानाजवळच किल्ली खुळखुळली. मी म्हटलं, चला, सुटलो! पण हात बाहेर येईना. मारुतराव हातभर अंतरावर उभे होते. किल्ली काढली की सगळं उघडं पडणार, लायसन जाणार, गाडी जाणार. सगळे टॅक्सीवाले एकमेकांकडे बघत होते. निरंजनच्या चपलेतली बोटं आत वळली होती, तेवढं मला दिसत होतं.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला, "बोलवा ना लवकर कुणाला तरी जॅमर काढायला."

मला लाज वाटली. लोखंडाला वाटली.

रिक्षातून ज्योतीरामचा आवाज आला. ओरडायचं बळ नव्हतं त्याच्यात. "निरंजन, किल्ली तुझ्याच खिशात हाय की रे."

हॉर्न चालूच होते, तरी ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं. निरंजन गुडघ्यांवर बसला. घाईत किल्ली दोनदा चुकली. मी उघडलो. मग पलीकडचा उघडला, मग त्याच्या पुढचा. मारुतराव शिट्टी तोंडात तशीच धरून बघत राहिले. ज्या गाड्या सरकारकडून हलत नव्हत्या त्या एका मिनिटात गल्लीबाहेर गेल्या आणि रिक्षा दवाखान्याकडे सुटली.

संध्याकाळी मी अजून गल्लीतच पडून होतो, तेव्हा कुसुमताईंनी शेजारच्या फळवाल्याला सांगितलं ते मी ऐकलं. अंगठा गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

पुढे काय झालं? जे नेहमी होतं तेच. टॅक्सीवाल्यांना दंड झाला, समज दिली, आणि आम्ही सगळे जप्त झालो. पण चौकीतल्या साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या जॅमरपेक्षा हे मजबूत आहेत राव." दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि माझ्या पाठीवर 'पोलीस' लिहून गेला. रंगाच्या एका डब्यात मी खरा झालो. माणसांनाही असंच होता येतं म्हणे. किल्ली मारुतरावांच्या खिशात गेली आणि माझी पहिली नेमणूक झाली त्याच गल्लीत.

निरंजन त्यानंतर गल्लीत भाड्यासाठी उभा राहिला नाही. तो यायचा फक्त ज्योतीरामला ड्रेसिंगला घेऊन. घरून आणायचा, आत सोडायचा, परत न्यायचा. बोलायचे दोघं कमीच. एकदा ज्योतीरामला चक्कर आली, निरंजन त्याला धरून आत गेला आणि गाडी गेटाजवळच राहिली. बाहेर येऊन बघतात तर चाकाला मी! मारुतराव मला लावून, किल्ली घेऊन जेवायला गेले होते.

ज्योतीराम खाली वाकला. डाव्या हाताने माझा जोड चाचपला. "वेल्डिंग अजून पक्कं हाय," म्हणाला. मला रडू आलं असतं, पण रंग ओला करून चालत नाही.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. रिक्षा होती. आत कोण ते मला दिसलं नाही, फक्त एक छोटं पाऊल खाली लोंबत होतं, एकाच पायात चप्पल. कुणी बाई ओरडत होती, "अहो, लेकराला झटके येतायत, गाडी बाजूला घ्या ना!"

ज्योतीरामने डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून किल्ली काढली. शेडमधली जादा किल्ली, सगळ्या कुलपांना चालणारी. उजव्या हातात घेऊन फिरवायला गेला. अंगठा नसल्यावर किल्ली फिरत नाही. निरंजनने ती त्याच्या हातातून ओढून घेतली. या वेळी आजूबाजूला बघितलंही नाही. मी खट्कन उघडलो, टॅक्सी बाजूला झाली, रिक्षा गेटातून आत गेली. जन्मभर धरून ठेवायचं काम केलेल्या मला सुटताना इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

मारुतराव जेवून आले आणि बघतात तो सरकारी जॅमर उघडा! निरंजनवर गुन्हा दाखल झाला, सरकारी कामात अडथळा. म्हणून मी इथे, गळ्यात चिठ्ठी.

आता तारीख लागेल. मला टेबलावर ठेवतील, वकील माझ्याकडे बोट दाखवतील. जॅमरला साक्ष देता येत नाही, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. मी दोन्ही वेळी तिथे होतो. खिशात किल्ली असून तो उभा राहिला, तेव्हा समज देऊन सोडला. ती न थांबता काढली, तेव्हा गुन्हा लागला. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी गल्लीत असाल, त्या रिक्षातली बाई ओळखीची असेल, तर कोर्टात या आणि एवढं सांगा. लेकराचं काय झालं तेही सांगा, मला इथे कुणी कळवत नाही.

आणि हो, येताना बसने या.