व्हर्नाबाईंची गाडी

आमच्या आमदारांचं बातमीपत्र दर तीन महिन्यांनी घरोघरी जातं आणि ते मी लिहिते. नाव त्यांचं, फोटो त्यांचा, सही त्यांची, मजकूर माझा. हिवाळ्यात घर उबदार ठेवायला सरकारी मदत कुठे मिळते, फ्लूची लस कुठल्या दिवशी, ज्येष्ठांना मासेमारीचा परवाना कसा काढायचा, जुनी कागदपत्रं फाडून देणारी मोठी गाडी गावात कधी येणार, असली सगळी माहिती. अकरा वर्षं मी हे काम करतेय. आमचं कार्यालय पूर्वी चपलांचं दुकान होतं. अजून उन्हाळ्यात चामड्याचा वास येतो.

आमदार म्हणजे ग्लेन हाफर. विधानसभेचं अधिवेशन असलं की सोमवार ते बुधवार राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, बाकीचे दिवस गावात. माणूस सरळ, फक्त बोलायला लागला की थांबत नाही. बातमीपत्रावरचा त्यांचा फोटो बारा वर्षांपूर्वीचा आहे, त्यात डोक्यावर भरपूर केस आहेत. बदलू या म्हटलं की म्हणतात, "जॅनिन, लोकांना ओळखीचा चेहरा लागतो."

गेल्या ऑक्टोबरचा अंक निघाला आणि दोन-अडीच आठवड्यांनी एक पत्र आलं. रेघारेघांच्या कागदावर थरथरतं अक्षर. ग्लेननी ते खिडकीपाशी उभं राहून मोठ्यांदा वाचलं.

"आमदारसाहेब, मी क्लेटस यान्को, वय एकोणऐंशी, राहणार शेल रन रस्ता. मला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागतं. पूर्वीची व्हॅन पहाटे न्यायची आणि दुपार उलटल्यावर आणायची, कारण तिला आणखी सहा जणांना सोडायचं असायचं. तुम्ही आता जी नवीन बाई ठेवली आहे, ती वेळेवर येते, चार तास तिथेच बसून राहते आणि घरात पोहोचल्यावर दिवा लागलेला पाहूनच निघते. कानातल्या यंत्राचा सेलसुद्धा तिनेच बदलून दिला. आजवर मी तुम्हाला मत दिलेलं नाही. पुढच्या वेळी विचार करेन. तिचा पगार वाढवा."

ग्लेन खूश झाले. "बघ! काम केलं की लोक कळवतात." मग चष्मा खाली घेऊन त्यांनी विचारलं, "कोण ही बाई?"

मला माहीत नव्हतं. ज्येष्ठांना दवाखान्यात नेणाऱ्या गाड्या जिल्हा कार्यालय चालवतं, आम्ही फक्त त्यांचा नंबर छापतो. मी तिथे फोन लावला. गाड्यांचं वेळापत्रक बघणारा माणूस म्हणाला, "आमच्याकडे चार चालक, चौघेही पुरुष. आणि काय हो, या वेळी आमची जाहिरात टाकायला विसरलात का? अंक आला की फोन दुप्पट होतात. या महिन्यात उलट कमीच आलेत."

मी अंक उघडला. पान तीन, निळी चौकट, ठळक अक्षरं: दवाखान्यात जायला गाडी हवी? या नंबरवर फोन करा. शेवटचे दोन आकडे मी उलटे टाकले होते.

वीस हजारांवर घरांत तो नंबर गेला होता. मी तो फिरवला. दुसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला.

"गाडी हवी असेल तर मंगळवार भरलाय," एक बाई म्हणाली. "बुधवारी सकाळी चालेल का?"

मी कोण ते सांगितलं.

"आलात का शेवटी," ती म्हणाली. "या मग घरी. कॉफी ठेवते."

तिचं नाव व्हर्ना डीट्झ. घर चर्चच्या मागच्या चढावर, दारात एक जुनी हिरवी गाडी. मी एकटीच जाणार होते, पण ग्लेन म्हणाले, "चूक माझ्या नावावर छापलीय. मीही येतो."

दार उघडलं ते एका उंच, रुंद खांद्यांच्या बाईने. एकाहत्तर वर्षांच्या, पांढरे केस पुरुषासारखे आखूड कापलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ग्लेन हाफर," त्या म्हणाल्या. "पाय पूस आधी."

ग्लेननी पाय पुसले. "मिसेस डीट्झ! अहो, तुम्ही आमच्या शाळेची बस चालवायचात!"

"एकोणतीस वर्षं. तू तिसऱ्या बाकावर बसून बडबड करायचास. पाचवीत असताना दोनदा खाली उतरवायची धमकी दिली होती तुला. आता तर बडबडीचे पैसे मिळतात म्हणे."

त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं. प्रत्येक चौकोनात बारीक, नीट अक्षरात नावं: डोळ्यांची तपासणी, हाडांचे डॉक्टर, औषधं, पुन्हा डायलिसिस. मी ते पाहत राहिले. बसता बसता माझ्या तोंडून निघालं, "मिसेस डीट्झ, चूक माझी आहे. नंबर मी टाकला होता. तुम्हाला इतका त्रास झाला..."

"झाला ना. पहिल्या दिवशी नऊ फोन. मी सगळ्यांना 'राँग नंबर' म्हणून ठेवत होते. एक म्हातारी तर मलाच रागावली, म्हणाली, आमदारांच्या कागदावर छापलंय, तुम्ही काम टाळताय. मग तुमच्या कार्यालयात फोन केला. मशीन म्हणालं, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. निरोप ठेवला. चार दिवस वाट पाहिली, तेव्हा कळलं की तो तितकासा महत्त्वाचा नव्हता."

मी मान खाली घातली. अंक टपालात पडल्यावर त्या आठवड्यात मी रजेवर होते, आणि परत आल्यावर साठलेले निरोप अर्धेच ऐकले होते. तेही त्यांना सांगितलं.

"बरं झालं ऐकलं नाहीस," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे कॉफीचा कप सरकवला. "पाचव्या दिवशी यान्कोंचा फोन आला. त्यांनाही म्हटलं, चुकीचा नंबर आहे. ते म्हणाले, 'असू दे बाई, माफ करा.' आवाजात काही नाही. रागही नाही. मला तो आवाज ओळखीचा वाटला. ऑरिन शेवटी शेवटी असाच बोलायचा. माझा नवरा. जूनमध्ये गेला. मी विचारलं, थांबा, तुम्हाला कुठे जायचंय? तर कळलं की व्हॅनच्या वेळा बदलल्या म्हणून नवा नंबर शोधत होते आणि त्या नादात एक डायलिसिस चुकवून बसले होते. पाय सुजलेले. मी विचारलं, किती वाजता?"

"आणि मग?" ग्लेननी विचारलं.

"मग काय, गाडी काढली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना नेलं. अरे, जूनपासून या फोनवर फक्त छप्पर विकणारे आणि विमा विकणारे बोलत होते. मुलगा ओरेगनला, रविवारी करतो फोन. सोमवार ते शनिवार हा नुसता भिंतीवर टांगलेला. आणि आता बघ." त्या हसल्या. "लोक गाडीत बसले की बोलतात. शाळेतली पोरंही बोलायची, पण म्हातारे जास्त खरं बोलतात. कुणी बिटाच्या रसात मुरवलेली अंडी देतं, कुणी सफरचंदाचा मुरंबा. मिसेस लुबिन्स्की तर प्रत्येक वळणावर मला गाडी शिकवते, तिने स्वतः आयुष्यात कधी चालवली नाही."

ग्लेननी घसा साफ केला. मला कळलं काय येणार ते. "मिसेस डीट्झ, मला उद्याच वर्तमानपत्रात दुरुस्ती द्यावी लागेल. लोकांना खरा नंबर कळायलाच हवा. आणि तुमच्या गाडीचा विमा... काही झालं तर तुम्ही अडकाल. जिल्ह्याचे वकील मला सोडणार नाहीत ते वेगळंच."

"म्हणजे हा वाजायचा थांबेल."

"हो."

त्यांनी भांड्यावरचं फडकं उचललं आणि कोरडंच असलेलं ओट्याचं टोक पुसलं. ग्लेन फ्रिजवरचं कॅलेंडर वाचत बसले.

माझ्या पिशवीत तोच अंक होता. कशाला उघडला सांगता येणार नाही. बहुधा त्या दोघांकडे बघवेना म्हणून. पान चार. खालच्या कोपऱ्यात मीच लिहिलेल्या चार ओळी: जिल्ह्याला स्वयंसेवक चालक हवे आहेत. आपली गाडी, आपली वेळ. कामावर असताना विमा जिल्ह्याचा. ही चौकट मी दोन वर्षं प्रत्येक अंकात जशीच्या तशी चिकटवत होते. एकाही माणसाने कधी विचारणा केली नव्हती. मीसुद्धा ती वाचणं सोडून दिलं होतं.

मी अंक टेबलावर फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. व्हर्नाबाईंनी चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे इतक्या बारीक अक्षरात का छापता?" त्या म्हणाल्या. "चोरून ठेवल्यासारखं?"

ग्लेन मोठ्यांदा हसले. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

पुढचं काही झटपट झालं नाही. डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा दाखला, डोळ्यांची तपासणी, आणि वर जिल्ह्याच्या एका तिशीतल्या मुलाने घेतलेली गाडी चालवण्याची परीक्षा. त्या पोराला व्हर्नाबाईंनी परीक्षा संपल्यावर सांगितलं की तुझा सीटबेल्ट पिळलेला आहे. त्या पास झाल्या, हिरवी गाडी मात्र नापास झाली. ब्रेक झिजले होते. ती आठवडाभर गॅरेजमध्ये गेली.

त्या आठवड्यात क्लेटस यान्कोंना कोण नेणार हा प्रश्न आला. मंगळवारी मी नेलं. गुरुवारी आणि शनिवारी ग्लेन स्वतः गेले. कुणाला सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. शनिवारी दुपारी ते कार्यालयात आले ते डोकं हलवत.

"त्यांनी मला ओळखलंच नाही, जॅनिन. दोन्ही दिवस. उतरताना म्हणाले, गाडी ठीक चालवता, पण ती बाई बरी होती, तुम्ही फार बोलता. मग म्हणाले, तुमच्या त्या आमदाराला सांगा, माणूस पाठवलात तर त्याला जवळ बसायलाही शिकवा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही. त्यांच्याबरोबर घरात गेलो आणि ते जेवेपर्यंत बसलो." त्यांनी कोट काढून खुंटीला लावला. "त्यांच्या घरात दुसरी खुर्ची आहे ना, तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग होता. कुणी बसतच नाही तिथे. मी तो खाली ठेवला."

मी आधीच राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. त्या दिवशी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पहिली ओळ वाचून मला परत दिला. म्हणाले, "तू चूक कबूल केलीस त्या बाईपुढे, माझ्याकडे न बघता. मला तेवढं पुरे आहे. मशीनवरचे निरोप मात्र आता रोज ऐकायचे. दोघांनीही." तेव्हापासून सकाळी दार उघडलं की आधी आम्ही उभ्याउभ्या निरोप ऐकतो.

जानेवारीच्या अंकात दुरुस्ती पहिल्या पानावर गेली. चूक कुणाची ते मी माझ्या नावानिशी लिहिलं. शेजारी व्हर्नाबाईंचा फोटो, हिरव्या गाडीला टेकून, आणि चालक हवेत ही चौकट या वेळी हाताच्या पंजाएवढ्या अक्षरांत. पहिल्या आठवड्यात सहा जण आले. एक निवृत्त नर्स, गिरणीतली नोकरी सुटलेले दोन भाऊ, एक पाद्री, आणि एक जोडपं, ज्यांना एकमेकांपासून दिवसातले चार तास लांब राहायचं होतं. ते कारण त्यांनी अर्जातच लिहिलं होतं.

क्लेटस यान्को अजून आठवड्यातून तीनदा जातात. त्यांचे दिवस व्हर्नाबाईंनी दुसऱ्या कुणाला दिले नाहीत. मध्यंतरी यान्कोंना निमोनिया झाला, तेव्हा त्या नऊ दिवस रुग्णालयात जात होत्या, आणि नर्सने तुम्ही कोण म्हणून विचारल्यावर "चालक" एवढंच म्हणाल्या.

एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या सभागृहात ज्येष्ठांचा मेळावा होता. कोबी आणि शेवयांचं गरम हालुश्की, करंजीसारख्या, बटाटे भरलेल्या पिरोगी, रक्तदाब तपासायची टेबलं, एका कोपऱ्यात अकॉर्डियन. ग्लेननी सातही चालकांना विधानसभेचं मानपत्र दिलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. व्हर्नाबाईंच्या हातात ध्वनिक्षेपक दिला, तर त्यांनी तो दूर धरला, जणू कुणी मासा हातात दिलाय.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मला वाटत होतं की आता झालं. कुणाला कशाला लागणार आपण. तुम्ही फोन केलेत. त्याबद्दल आभार. आणि मिसेस लुबिन्स्कींना तीन वाजता डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोहोचवायचंय, तेव्हा मी निघते."

मी त्यांच्यामागे बाहेर आले. मला खूप काही सांगायचं होतं. माझ्या हातून झालेल्या चुकीचं तुम्ही काय केलंत, हे मी रोज सकाळी आठवते, असं काहीतरी. मिसेस लुबिन्स्की पुढच्या सीटवर बसून आधीच आरसा नीट करत होत्या.

"मिसेस डीट्झ..." मी म्हणाले.

"व्हर्ना म्हण. आणि उभी काय राहिलीस? हिला आज डोळ्यांत थेंब घालणार आहेत, परत येताना हाताला धरायला कुणीतरी लागेल. ये बस मागे."

मी बसले. उतार संपेपर्यंत मिसेस लुबिन्स्की सांगत होत्या, ब्रेक दाब, ब्रेक दाब, आणि व्हर्ना म्हणत होती, दाबते गं बाई, दाबते.