पाच सज्ञान माणसं

कॉलेजातला भाषणकलेचा विषय मी वीस वर्षं टाळला. दोनदा नाव घातलं आणि दोनदा पहिल्याच आठवड्यात काढून घेतलं. इतिहास, गणित, भूगर्भशास्त्र, पदवीला जे जे सामान्य विषय सक्तीचे ते सगळे शाळेतली मदतनिसाची नोकरी सांभाळून एकेक करत संपवले. हा एक राहिला. दुसरीच्या पोरांसमोर मी दिवसभर बडबडते, पण मोठी माणसं समोर बसली की माझी बोबडी वळते.

मे महिन्यात विद्यापीठ म्हणालं, एकच विषय उरलाय ना, मग आत्ताच पदवीदान समारंभात मंचावरून चालून घ्या आणि तो उन्हाळी सत्रात उरका. असं बरेच जण करतात. मी पदवीचा झगा घातला, चालले, हातात आली ती प्रमाणपत्राची रिकामी फाईल. बाबा एक्याऐंशीचे, पहिल्या रांगेत बसून ढसाढसा रडत होते. ‘अजून एक राहिलाय’ हे सांगायला जीभच रेटली नाही. मग त्यांनी चर्चच्या हॉलमध्ये पार्टी दिली, गावाला कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे जॅम भरलेले गोड पाव, खाऊ घातले, आणि रोज सकाळी मित्रांबरोबर कॉफीच्या टेबलावर ‘आमची जनेल ग्रॅज्युएट झाली’ सुरू झालं. आता सांगणार कुठल्या तोंडाने?

उन्हाळी सत्र पाच आठवड्यांचं. सोळा आठवड्यांचं सगळं त्यात कोंबलेलं, एक दिवस डोकं दुखलं तरी अर्धा धडा बुडतो. कोर्स घरूनच करायचा, पण भाषण खऱ्या पाच सज्ञान माणसांसमोर द्यायचं. कॅमेरा आधी आणि शेवटी त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरवायचा, मध्ये बंद करायचा नाही, आणि सुरुवातीला स्वतःचं नाव नि कोर्स सांगायचा. पहिली दोन भाषणं मी चाळीस मैलांवरच्या वाचनालयात, अनोळखी लोकांना डोनट खाऊ घालून उरकली. तिसऱ्याची मुदत तीन जुलै, दुपारी बारा. सकाळी दहाला तिथे पोचले तर दाराला कुलूप. चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी एक दिवस आधीच लागली होती, आणि मी बावळट, पाटी वाचलीच नव्हती.

हे भाषण गेलं की विषय गेला. मुख्याध्यापिकेने स्पष्ट सांगितलं होतं, एक ऑगस्टच्या आत पदवी दाखव, दुसरीचा वर्ग तुझा, नाहीतर दुसऱ्या बाईचा. सुट्टीच्या आदल्या दिवशी पाच माणसं आणू कुठून? एकाच ठिकाणी होती, आमच्या घरी. सगळी मला ग्रॅज्युएट समजणारी.

गाडी हाणत परत आले तेव्हा पावणेअकरा झाले होते. अंगणात माझी बहीण कार्ला, तिचा नवरा ड्वेन, शेजारची बर्निस, तिचा नवरा गेलन आणि बाबा मक्याची कणसं सोलत बसले होते.

“जरा आत येता का सगळे? सात मिनिटांचं काम आहे. मी बोलणार, तुम्ही नुसतं बसायचं.”

“बसायचं काम असेल तर गेलनला न्या,” ड्वेन म्हणाला. “तो झोपूनसुद्धा करेल.”

“शाळेसाठी का गं पोरी?” बर्निसने विचारलं.

“तसंच काहीतरी,” मी म्हणाले. खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की चेहराही बदलला नाही.

खुर्च्या मांडल्या. बाबा अगदी पुढे बसले, एक कान माझ्याकडे करून. फोन खिडकीत टेकवायच्या आधी मी तो पाचही चेहऱ्यांवरून फिरवला. कार्ला म्हणाली, “अगं, नीट धर तो, भूकंप आलाय का?”

मी उभी राहिले. “मी जनेल कुचेरा,” मी म्हणाले, आणि पुढचं घाईघाईत, खाली बघून, “उन्हाळी सत्र, भाषणाचा प्राथमिक कोर्स, पदवीसाठी.”

मी गावातला पोहण्याचा तलाव सप्टेंबरपर्यंत उघडा का ठेवावा हे सांगायला लागले. दुसऱ्या मुद्द्याशी कार्लाने ड्वेनकडे बघितलं. तिसऱ्याशी बाबांनी गुडघ्यावरची टोपी उचलून डोक्यावर घातली. बाबांनी टोपी घातली म्हणजे ते निघाले, हे आमच्या घरात लहान पोरालाही कळतं. ते उठले तर चारच राहणार होते. माझ्या तोंडून तलावाचं पाणी, पोरं, उन्हाचा तडाखा बाहेर पडत होतं आणि मनात एकच चाललं होतं, बाबा, बसा ना, पाया पडते तुमच्या, बसा.

ते उभे राहिले. खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. मी शेवटचं वाक्य कसंबसं संपवलं, फोन उचलला आणि परत पाचही चेहऱ्यांवरून फिरवला. बाबांच्या चेहऱ्याशी आले तेव्हा त्यांनी नजर वळवली नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. कॅमेरा बंद केला.

“म्हणजे मे महिन्यात तू...” कार्लाने सुरुवात केली.

“तू गप्प बस,” बाबा म्हणाले. मग मला, “किती वाजता पाठवायचंय हे?”

“बारा.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वीस.

“वेळ आहे. परत कर.”

“बाबा, माझं चुकलं, मी तुम्हाला...”

“ते नंतर बघू. मला तुझा राग आलाय, तो संध्याकाळपर्यंत पुरेल.” त्यांनी टोपी काढली आणि खुर्चीत बसले. “तलावाचं ठीक होतं. पण सुरुवातीला नाव आणि कोर्स सांगताना पुटपुटलीस. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, ते मी ओठांवरून ओळखलं. या वेळी मोठ्याने सांग.”

बर्निसने गेलनला कोपराने जागं केलं. मी फोन पुन्हा पाचही चेहऱ्यांवरून फिरवला, खिडकीत टेकवला, बाबांकडे बघितलं आणि अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की मी जनेल कुचेरा, अजून विद्यार्थिनी आहे.