परातीतलं गार पाणी

मित्रांनो, माझी एक कड आत चेपलेली आहे. त्यामुळे ओट्यावर ठेवलं की मी जराशी डुलते. मी एक जुनी स्टीलची परात. सोलापुरात नागव्वांच्या घरी राहते. नागव्वा कडक भाकऱ्या करून विकतात आणि त्यांचं पीठ माझ्यातच मळतात.

कारखान्यात पत्र्यावर दाब पडला, कडा वळल्या आणि मी जन्मले. नागव्वांनी मला दुकानातून आणलं ते लेकीच्या लग्नासाठी. माझ्यावर तिचं नाव घातलं, दाक्षायणी. लग्नात भांडी मांडली तेव्हा बायका म्हणाल्या, "परात बगा की, आरशावानी!" मी किती फुशारले म्हणून सांगू!

मग मी दाक्षायणीबरोबर करकंबला तिच्या सासरी गेले. ती फार मायाळू होती. पण दुसऱ्याला जिथं ओरखडा उठावा, तिथं तिला घाव बसायचा. राग आला की दूध उतू जावं तसा यायचा आणि ओसरला की ती स्वतःलाच कोसत बसायची. सासरचे म्हणायचे, "नाटकं हायत." तुला होतंय तरी काय, असं मात्र कुणी विचारलं नाही.

तिला मुलगी झाली. तिचं नाव स्वरांजली. ती रांगायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका सकाळी सासू स्वयंपाकावरून काहीतरी बोलली. दाक्षायणीनं मला उचललं आणि भिंतीवर फेकलं. भिंतीखाली स्वरांजली खेळत होती. मी तिच्या अंगावर पडले नाही, मित्रांनो, वीतभर बाजूला पडले. पण ते पोर असं किंचाळलं, की त्या आवाजानं माझा पत्रा अजून शहारतो. त्याच दिवशी नवऱ्यानं, शहाजीनं, दाक्षायणीला आणि मला सोलापूरला आणून सोडलं. पोर तिकडंच राहिली.

माहेरी दाक्षायणीनं स्वतःला इजा करून घेतली. जीव वाचला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला मनाच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या कौसर मॅडमकडं पाठवलं. तिथं काय झालं ते नागव्वांनी पीठ मळता मळता शेजारच्या रंभाबाईंना सांगितलं, म्हणून मला कळलं.

नागव्वांनी विचारलं होतं, "मॅडम, किती दिसांत बरी हुईल?"

"मावशी, घाई करू नका," मॅडम म्हणाल्या. "या उपचाराला डीबीटी म्हणतात. वर्षभर तरी लागेल. दर आठवड्याला ती एकदा माझ्याशी एकटी बोलेल आणि एकदा इतरांबरोबर वर्गात बसेल. शाळेसारखाच घरचा अभ्यासही असतो."

"आन् गोळ्या?"

"डॉक्टर देतील त्या घ्यायच्याच. पण राग आल्यावर थांबायचं कसं, दुःख सोसायचं कसं, न भांडता मागायचं कसं, हे गोळी शिकवत नाही." मग त्या दाक्षायणीकडं वळल्या. "तुला जमेल तेवढं तू करतेच आहेस. आणि तरीही तुला बदलावं लागेल. दोन्ही खरं आहे."

दाक्षायणी तिथंच रडू लागली. त्यातलं पहिलं वाक्य तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

तेव्हापासून मला नवं काम लागलं. मनाला उकळी फुटली की मॅडमनी शिकवल्याप्रमाणे दाक्षायणी माझ्यात बर्फाचं पाणी ओतायची, श्वास रोखायची आणि त्यात तोंड बुडवायची. डॉक्टरांना विचारूनच हं! मग मॅडमना फोन. इजा करून घेतल्यावर नाही, त्याआधी. नागव्वांनाही शिकावं लागलं. पूर्वी त्या म्हणायच्या, "रडू नगं, गप बस." आता त्या पिठाचे हात तसेच ठेवून शेजारी बसायच्या. "लई दुखतंय व्हय? सांग की."

बरेच महिने बरे गेले. शहाजीशी फारकत झाली होतीच. मग शहाजीनं दुसरं लग्न केल्याची बातमी आली आणि दाक्षायणीनं पुन्हा स्वतःला इजा केली. नागव्वांनी कपाळावर हात मारला. "सगळं पान्यात गेलं!"

कौसर मॅडम रागावल्या नाहीत. कुरवाळलंही नाही. तो दिवस सकाळपासून कसा कसा गेला, कुठल्या वळणावर थांबता आलं असतं, हे त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. म्हणाल्या, "पडलीस म्हणजे चालायला विसरलीस असं नाही. जे झालं ते बरोबर झालं, असं मी म्हणायला सांगत नाही. झालंय, एवढं मान्य कर."

ते मान्य करायला तिला फार दिवस लागले.

पुढं शहाजीनं निरोप धाडला, पोरीला बघून जा. दाक्षायणी खेळणं घेऊन करकंबला गेली. परत आली ती थेट चुलीपाशी जाऊन बसली.

"भेटली का ग पोर?" नागव्वांनी विचारलं.

"दाराआड लपली, अव्वा. त्या नव्या बाईला आई म्हनली."

"मग?"

"अंगाची नुसती आग झाली. पन वरडले न्हाय. खाली बसले. म्हनलं, बाळ, भिऊ नगं, मी लांबच बसते. ती लांबनंच बगत हुती. मग माजी गाडी आली."

नागव्वांनी मला पुढं ओढलं आणि पाणी ओतलं. दाक्षायणीनं तोंड बुडवलं, वर काढलं. तरी ती रडतच राहिली. गार पाणी दुःख घालवत नाही, मित्रांनो. ते फक्त हाताला आवरतं. नागव्वा काही न समजावता तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कुणी असं उतू जात असेल, तर नाटक म्हणू नका. काय होतंय ते विचारा. मोठ्यांना सांगा, मदत मिळवून द्या, आणि ती लवकर द्या. उशिरानंही माणूस सावरतं, पण तोवर गेलेलं सगळं परत मिळत नाही.

दिवे लागायच्या वेळी दाक्षायणीनं डोळे पुसले.

"अव्वा, फुडच्या महिन्यात परत जाऊ का ग?"

"जा की," नागव्वा म्हणाल्या. "लांबच बस. पन जा."