इद्दतीतला बाथटब

उझमाच्या अब्बांनी, जाफरभाईंनी, हायवेवरच्या मोडीत निघालेल्या एका लॉजमधून बाथटब आणला, तेव्हा उमरग्यातली निम्मी गल्ली तो बघायला जिना चढून आली होती. बघून झाल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, "पाणी किती मावतं?" नळाला पाणी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी. त्यामुळे टबाची टाकी झाली, आणि अंघोळी त्याच्या शेजारी, बादलीतून.

टब आणि भिंत यांच्यामधली फट मात्र अब्बांना कधी जमली नाही. ते दरवर्षी पांढरं सिमेंट भरत, ते दरवर्षी तडकत असे, आणि काठावरून सांडलेलं पाणी खाली मुजीबचाचांच्या बैठकीत टपकत असे. मोठा भाऊ होता तोवर चाचांनी निमूट खुर्ची सरकवून घेतली. भाऊ गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात एक थेंब थेट त्यांच्या चहाच्या बशीत पडला.

"उझमा!" चाचा जिन्यातूनच ओरडले. "भाभींना सांग, टब आजच रिकामा करा. आन् शुक्रवारच्या पाण्याला एक थेंब जरी पडला, तर टब फोडून काढणार. मिस्त्रीला सांगून ठेवलंय म्या."

भाभी, म्हणजे उझमाची अम्मी लालबी, दारामागे बसून सगळं ऐकत होती. पण ती इद्दतीत होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही, परक्या पुरुषासमोर येणं नाही, आणि त्यात दीरही परकाच.

"विचार त्यांना," अम्मी मोठ्यानं म्हणाली, "मिस्त्री वर येणार कसा? न्हाणीघराची वाट माझ्या खोलीतून."

"भाभींना सांग, इद्दत संपल्यावर येईल. तोवर टब कोरडा ऱ्हाऊ द्या."

"आणि फट आज बुजवायची म्हटली तर कोण बुजवणार?"

जिन्यातून चाचांची पावलं खाली उतरत गेली.

उझमा सोलापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाला आली होती, ती रजा वाढवून राहिली होती. अब्बांचे कपडे वाटून झाले होते, घड्याळही कुणी नेलं होतं. त्यांचं म्हणावं असं हा टब तेवढा उरला होता, आणि तो कुणाला देता येण्यासारखा नव्हता. ती बाजारातून फटी भरायच्या सिलिकॉनच्या नळ्या घेऊन आली. टब उपसून तिनं उलथन्यानं जुनं सिमेंट खरवडलं, फट पुसून कोरडी केली आणि तिच्यात पांढरी रेघ ओढली. पुस्तकाच्या पाठीला कापड चिकटवावं इतकी नीट.

"अगं बाई, कसली झ्याक!" म्हणत चाचांची सून आरजू टबाच्या काठावर टेकली. रेघेनं लगेच तोंड उघडलं.

"मी न्हाय काय केलं," आरजू उठत म्हणाली. रेघ मिटली.

"बस परत."

आरजू बसली. रेघ उघडली. उझमाला कळलं. टब वजनानं खाली बसतो. भरला की फट उघडते, उपसला की मिटते, आणि अब्बा जन्मभर रिकाम्या टबाची फट बुजवत आले होते. भरल्या वजनावर बुजवायला हवी, आणि वाळेपर्यंत वजन हलायला नको. पण पाणी तर शुक्रवारी.

उझमानं जिन्यातून ओरडून वजन मागितलं, तसं चाचांनी ज्वारीचं पोतं जिन्याच्या वळणावर आणून ठेवलं आणि परत फिरले. दोघींनी ते ओढत, एकमेकींना शिव्या देत, वर आणून टबात लोटलं. त्यावर पाटा, त्यावर खलबत्ता. फट अजून पुरती उघडेना.

"सरका," अम्मी म्हणाली, आणि तसबीहची माळ घेऊन टबात उतरली.

"अम्मी, वाळायला खूप वेळ लागतो."

"मला तरी कुठं जायचंय?"

आरजू इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. अम्मीही हसली, आणि दचकून पदर तोंडाला लावला. उझमानं नव्यानं रेघ ओढली. अम्मीनं पोत्याला पाठ टेकली.

"उन्हाळ्यात पाणी संपलं की दुपारी तुझे अब्बा यात निजायचे. कोरड्या टबात, उशी घेऊन. गारवा असतो म्हणे." ती काठावरून हात फिरवायला गेली.

"हात लावू नको, ओलं आहे," उझमा म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

नमाजाच्या वेळेला अम्मीच्या जागी आरजू बसे, आरजूच्या स्वयंपाकाला उझमा. टब एकदाही मोकळा पडला नाही.

शुक्रवारी पाणी आलं. पोतं, पाटा, खलबत्ता बाहेर निघाले आणि टब भरू लागला. काठाशी आला, तशी अम्मीनं उझमाच्या हातातला पाइप काढून घेतला.

"तू खाली जा. चाचांपाशी उभी राहा."

"आणि तू?"

"गळतंय का बघते." न्हाणीघराची कडी लागली.

खाली चाचा चार ताटल्या मांडून, मान मागे टाकून बसले होते. वरून काहीतरी धबाककन झालं. मग काठावरून फरशीवर पाणी लोटल्याचा आवाज, भरपूर पाणी.

"वर काय पडलं?"

"तपासणी चाललीय, चाचा."

"कोन करतंय?"

"अम्मी."

चाचा क्षणभर ऐकत राहिले. मग कान लाल झाले आणि त्यांनी नजर झटकन छतावरून खाली घेतली. "तूच बघ. पडतोय का?"

उझमा मान वर करून बराच वेळ उभी राहिली. वर पाणी हळूहळू हलत होतं. "न्हाय."

"नीट बघ."

"एकही न्हाय, चाचा."

चाचांनी ताटल्या एकात एक घातल्या. "मंग मिस्त्रीला काय सांगू?"

"सांगा, टब वापरात आहे."