केवळाबाईशी भांडण

“मावशी, मला एक भांडण द्या. एकच.” कोर्टाच्या पायरीवर रविकिरण वकील हात जोडून उभे होते.

“एक कामून? म्हणाल तेवढी देते की,” नागुबाई म्हणाली. “सरपंचाचं देऊ? का लाइनमनचं?”

“केवळाबाईचं पायजे.”

नागुबाईचं तोंड मिटलं.

आता हे तोंड मिटणं म्हणजे काय, ते औसा तालुक्याबाहेरच्यांना सांगावं लागेल. नागुबाई बांधावर उभी राहून बोलायला लागली, की तीन शिवारांपलीकडच्या म्हशी दूध चोरत. एकदा तिनं एसटीला असं झापलं, की गाडी आठ दिवस चालूच होईना. मेकॅनिकनं शपथेवर सांगितलं, इंजिनात बिघाड नाही, धास्ती आहे. तिच्याशी न भांडलेला माणूस गावात शोधायचा तर पाळण्यात शोधावा लागे.

सुटली होती ती फक्त केवळाबाई. आणि कायद्याला नेमकी तीच हवी होती.

भूकंपाच्या साली केवळाबाई नवऱ्यामागं लातूरला गेली. तिचं दीड एकर रान तेव्हापासून नागुबाई करत होती. तिथंच तिचं पत्र्याचं घर, तिथंच तूर आणि सोयाबीन. दुसरीकडं चूल मांडायला तिला वीतभर जागा नव्हती. आता रस्ता रुंद झाला आणि केवळाबाईच्या मुलाला, हरिओमला, त्या रानात प्लॉट दिसायला लागले. आईचा अंगठा घेऊन त्यानं ताब्याचा दावा लावला. केवळाबाई त्याच्या घरात, त्याच्या भाकरीवर. ती काय बोलणार?

“आसं बगा मावशी,” वकील समजावू लागले, “बारा वर्षांच्या वर रान केलं, उघड केलं, खंड न पाडता केलं. एवढं हाय आपल्याकडं. पन मालकाच्या नाकावर टिच्चून केलं, हे बी दाखवावं लागतं. तिच्या मर्जीनं केलं म्हणलात की संपलं. रानाच्या बाहेर.”

“म्हंजी दुश्मनी पायजे?”

“हाव.”

“अन् नसंल तर?”

वकिलांनी नुसतं घड्याळ पाहिलं. आतून पुकारा झाला.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर तिला दिसलं, समोरच्या बाकावर हरिओमशेजारी केवळाबाई बसली होती. कोरी इरकल नेसून.

हरिओमच्या वकिलांनी विचारलं, “केवळाबाईंशी तुमचं भांडण झालं होतं?”

“झालं.”

“कधी?”

“येळवसला.” मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळा मुलूख शेतात जेवायला असतो, तो दिवस तिच्या तोंडी आला.

“काय म्हणालात त्यांना?”

नागुबाईनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. तिनं कठडा धरला. एक शिवी, एक दम, काहीही चाललं असतं. न्यायाधीश वाट बघत होते.

तेवढ्यात बाकावरून केवळाबाईच उठली.

“म्हणली ना सायेब! रानात पाय ठिवलास तर तंगडं मोडीन म्हणली! रडत लातूरला गेले मी!”

“आई!” हरिओम ओरडला. रविकिरण वकिलांचे डोळे चमकले. मागितलेलं भांडण खुद्द मालकीणच ताटात वाढून देत होती.

नागुबाई मात्र भडकली.

“कवा म्हणलं गं म्या? कामून खोटं बोलून राहिलीस इतक्या मान्सांत? दर येळवसला, रान तुझं म्हणून पूजा तुझ्या हातानं करून घेतली. तुला वाढल्याबिगर घास घेतला का म्या कवा? जाताना कोन म्हणलं, नागू, तू करून खा? तूच ना? अन् मी तुझं तंगडं मोडीन व्हय?”

“गप गं येडे! गप बस!”

“न्हाई बसत गप!”

तीस वर्षांतलं त्यांचं पहिलं भांडण न्यायाधीशांनी मेज वाजवून थांबवलं. मग ते शांतपणे एकेक वाक्य सांगत गेले आणि टंकलेखक टाइप करत गेला. जमीन केवळाबाईची आहे. करून खा, असं त्या म्हणाल्या होत्या. हरिओमच्या वकिलांनी पुढचा प्रश्नच विचारला नाही. रविकिरण वकील पंख्याकडं बघत बसले.

कागद वाचून दाखवला गेला. शिपायानं शाईचा पॅड पुढं केला. नागुबाईनं अंगठा टेकवला, खाली उतरली आणि तो निळा अंगठा अंगापासून लांब धरून उभी राहिली. पुसायला काही नव्हतं.

केवळाबाई आली. तिनं कोऱ्या इरकलीचा पदर घेतला, थुंकी लावली आणि अंगठा पुसायला लागली.

“आई, चल,” हरिओम दारातून म्हणाला.

“थांब,” केवळाबाई म्हणाली. “निघंना झालंय.”