बांधात बसायची जागा

दोन भावांमधला बांध परत आला आणि चांगला बैलगाडी जाईल एवढा रुंद झाला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. अणदुरात तसं अजून कुणी कबूल केलेलं नाही. ज्यांनी तो बांध दोन्हीकडून खाल्ला त्या भावांच्या मते तर तो कधी गेलाच नव्हता, मग परत कुठून येणार? तेव्हा बांध नाही असं धरूनच सुरुवात करू.

शिवानंदचं गावात फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फलक तो एकाच मशीनवर छापायचा, आणि गिऱ्हाईकं दोन्हीला बहुतेक एकच फोटो द्यायची. एका सकाळी त्याचे दोड्डप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ शिवलिंगप्पा, दुकानात आले. वय ऐंशीच्या पुढं, पाठ ताठ. फलकांवरच्या मंडळींकडं त्यांनी ओळखीच्या माणसांकडं बघावं तसं बघितलं. बरेच जण ओळखीचेच होते.

"मला मृत्युपत्र करायचंय," ते म्हणाले. "म्या गेल्यावर ते पार पाडायला माणूस लागतो म्हणं. तू हो."

"मीच का?"

"तुझ्याकडं मेलेल्या माणसांचं लई काम असतंय. अनुभव हाय तुला."

"दोड्डप्पा, मी त्यांचे फोटो छापतो."

"तेवढं तरी कोण करतंय."

मृत्युपत्राचं कारण साधं होतं. दोड्डप्पांनी रान दोन मुलांना तोंडी वाटून दिलं होतं. वरचं थोरल्या सिद्रामप्पाला, खालचं धाकट्या शांतलिंगला, मधे बांध. दरसाल नांगरट आली की दोघंही आपापल्या बाजूनं नांगराची एकेक रेघ बांधात सरकवायचे. भांडण नव्हतं. दोघं एकमेकांच्या घरी जेवायचे, जत्रेला एकाच गाडीवर जायचे आणि येऊन बांध कोरायचे.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात, आणि शक्यतो आपल्याच शेतात. दोड्डप्पांना त्या बांधाच्या मधोमध बसायचं होतं. बापाच्या डोक्यावरनं नांगर फिरवायला मुलं धजणार नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. अंदाजच तो. मुलं तशी त्यांचीच होती.

वकील शोधायला शिवानंद आणि दोड्डप्पा तुळजापूरला गेले. पहिल्या वकिलांनी खुर्ची पुढं केली आणि विचारलं, "धडक कशाची?" ते फक्त अपघाताचे दावे घ्यायचे. धडक कशाचीच नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. दुसरे फौजदारीवाले.

"मयत कधी झाले?"

"व्हायचेत," शिवानंद म्हणाला.

"कोण?"

"हे."

वकिलांनी दोड्डप्पांकडं बघितलं. दोड्डप्पांनी नमस्कार केला. वकिलांनी पेनाचं टोपण लावलं आणि समोरच्या गल्लीतल्या वैष्णवी मॅडमकडं जायला सांगितलं; त्या म्हणे जिवंत माणसांचं काम घेतात.

वैष्णवी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही हसल्या नाहीत, त्यावरून बाई हुशार आहेत हे शिवानंदनं ओळखलं.

"तुम्ही एक्झिक्युटर," त्या त्याला म्हणाल्या. "पहिलं काम अंत्यविधी. मग यांची मालमत्ता कुठं काय आहे ते ताब्यात घ्यायचं. कुणाचं देणं निघालं तर आधी ते भागवायचं. उरेल ते लिहिलंय तसं ज्याचं त्याला द्यायचं, आणि कुणी विचारलं तर हिशेब दाखवायचा."

"आणि मला काय मिळतं?"

"नातेवाइकांचे फोन."

"नको म्हणता येतं का?"

"येतं. यांच्या पश्चात, कामाला हात लावायच्या आधी. एकदा हात लावला की मधेच सोडून पळता येत नाही."

शिवानंदनं हात टेबलाखाली घेतले.

"मृत्युपत्रावर यांची सही होताना दोन साक्षीदार समोर हवेत. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. तुमच्यात भाऊ दोन आहेत." मॅडम लिहीत होत्या. "आता बांधात बसवायचं, ही इच्छा झाली, कायद्याचा हुकूम नव्हे. तरी लिहिते. बांध आहे ना पण?"

"व्हता," दोड्डप्पा म्हणाले.

सह्या झाल्या, नोंदणीही झाली. परत येताना दोड्डप्पांनी गाडी परस्पर रानाकडं घ्यायला लावली. बसून बघायचं होतं. शिवानंद म्हणाला, "आत्तापासनं कशाला?" त्यावर दोड्डप्पा म्हणाले, की चप्पलसुद्धा माणूस पायात घालून बघतो, आणि ही तर कायमची बैठक.

बांध आता कसाबसा वीतभर गवताएवढा उरला होता. दोड्डप्पा त्यावर मांडी घालून बसले. एक गुडघा सिद्रामप्पाच्या सोयाबीनमध्ये गेला, दुसरा शांतलिंगच्या उडदात. दोन्ही मुलं दोन्हीकडून आली.

"आप्पा, गुडघा सोयाबीनमधे आलाय," सिद्रामप्पा म्हणाला. "शेंगा मोडत्यात."

"माझ्याकडं अख्खी मांडी हाय," शांतलिंग म्हणाला. "दादाकडं नुसता गुडघा. हे काय बरोबर न्हाय."

"जरा तिकडं सरकून बसा की," सिद्रामप्पा म्हणाला.

"तिकडं कशाला सरकतील? तिकडं माझं रान हाय."

"गेल्यावर असंच बसायचंय मला," दोड्डप्पा म्हणाले. "जागा करा."

कुणी केली नाही. शिवानंदनं मधे तोंड घातलं आणि विचारलं, की समजा आज रात्री काही झालं, तर उद्या मी यांना नेमकं कुठं बसवू? दोन्ही भावांनी दुसऱ्याच्या रानाकडं बोट केलं. माती, म्हणजे अंत्यविधी, फार तर दिवसभर थांबते. मृत्युपत्र हातात, दोड्डप्पा बैठकीत, आणि दोन्हीकडून दोन भाऊ गुडघे मोजतायत, हे दृश्य शिवानंदला स्पष्ट दिसलं. फ्लेक्सवर छापता आलं असतं इतकं स्पष्ट.

मग भावांनी एकमतानं तोडगा काढला. आप्पांनी मरायचंच नाही. सिद्रामप्पानं त्यांना सोलापूरला नेऊन तपासून आणलं. शांतलिंगनं म्हशीचं दूध सुरू केलं. दोड्डव्वा नीलम्मा, म्हणजे दोड्डप्पांची बायको, हे सगळं ओसरीवरून बघत होती. "लग्नापासनं तुमच्या अंगाला असं कुणी जपलं नव्हतं," ती नवऱ्याला म्हणाली. "म्या पन न्हाय. मला म्हाईतच नव्हतं, तुम्ही गेल्यानं रान कमी व्हतंय."

सोयाबीन निघालं, उडीद निघाला, रानं मोकळी झाली. नांगर बाहेर पडले तसे दोड्डप्पाही बाहेर पडले. पोतं घेऊन ते बांधाच्या एका टोकाला मांडी घालून बसले. सिद्रामप्पाचे बैल आले, बापाच्या गुडघ्याला वळसा घालून गेले. खालून शांतलिंगचा ट्रॅक्टर आला, तोही तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दोड्डप्पा थोडं पुढं सरकून बसले. मग आणखी पुढं. ते जिथं जिथं बसले तिथं तिथं दोन्हीकडं एकेक गुडघा जमीन बिनानांगरटीची राहू लागली.

सोमवारी मात्र ते घरी. सोमवारी आपल्यात बैल जुंपत नाहीत, नंदीचा वार. म्हणून दोड्डप्पांनाही सुट्टी. ही त्यांची चूक झाली. हयातभर त्यांनी सोमवारी शेतात नांगर चाललेला बघितला नव्हता, आणि शांतलिंगच्या मते ट्रॅक्टर हा काही नंदी नव्हता.

त्या सोमवारी शिवानंद मोकळ्या रानात फलकासाठी फोटो काढायला गेला होता. बांधाच्या टोकाशी शांतलिंगचा ट्रॅक्टर उभा दिसला, नांगर खाली सोडलेला, आणि दोड्डप्पांनी आठवडाभर बसून राखलेली पट्टी त्याच्या बरोब्बर पुढं. दोड्डप्पांना बोलावून आणेपर्यंत पट्टी गेली असती. शिवानंदनं इकडं तिकडं बघितलं. दुसरं कुणीच नव्हतं. तो जाऊन मधोमध मांडी घालून बसला.

ट्रॅक्टर वीतभरावर येऊन थांबला.

"उठ की," शांतलिंग वरून म्हणाला.

"मी एक्झिक्युटर आहे."

"ते आप्पा गेल्यावर."

"गेल्यावर तू थांबणार आहेस का?"

शांतलिंगनं यावर प्रामाणिकपणे विचार केला. इंजिन तोवर चालूच होतं. शेवटी त्यानं नांगर वर उचलला आणि ट्रॅक्टर गुडघ्याला वळसा घालून नेला. जाताना म्हणाला, "तुझी मांडी आप्पांपेक्षा मोठी हाय. हे बरोबर न्हाय."

शिवानंदनं वैष्णवी मॅडमना फोन लावला. "मॅडम, मी कामाला हात लावला असं धरायचं का?"

"ते हयात आहेत. तुमचं काम सुरूच झालेलं नाही."

"मग मी आत्ता कोण?"

"आत्ता तुम्ही पुतणे."

"पुतण्याला सोडून पळता येतं का?"

फोनवर पानं उलटल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, की यावर कायदा गप्प आहे.

तेव्हापासून सोमवार शिवानंदचा. दुकान बंद, पाटी लावलेली: "मालक बांधावर आहेत." दोघांच्या बसण्यानं पट्टी टोकापर्यंत पोचली, गवत धरलं, त्यावर एकदा बैलगाडीही जाऊन आली. भावांना विचारलं तर ते म्हणतात, बांध होता तिथंच आहे. आप्पा मात्र जगले पाहिजेत, यावर दोघं अजून ठाम आहेत. शिवानंदही. कारण त्यानं हिशेब घातला: गेल्यावर दोड्डप्पांना एकाच जागी बसवता येईल, आणि बांध लांब आहे. उरलेल्या बांधावर आठवडाभर कोण बसणार, याचं उत्तर त्याला ठाऊक होतं, आणि ते उत्तर फ्लेक्सचं दुकान चालवत होतं.

म्हणून त्यानं अर्ज केला. कुणाकडं करायचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून नाव मोघम ठेवलं.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी.

विषय: शिवलिंगप्पा, राहणार अणदूर, यांच्या मृत्यूस स्थगिती मिळणेबाबत.

महोदय,
सदर इसम हे दोन वारसांमधील बांधावर बसून असून, बांधाचे अस्तित्व त्यांच्या बसण्यावर अवलंबून आहे. तरी दोन्ही वारसांची नियत स्थिर होईपर्यंत सदर मृत्यूस, सोमवार धरून, स्थगिती देण्यात यावी व तसा आदेश सर्व संबंधितांवर बजावण्यात यावा, ही नम्र विनंती.