ती काय, येणारच!

“फिंटन, ही आपल्याच गावची पेटी ना?” अ‍ॅट्रॅक्टाने विचारलं.

शाळेच्या हॉलमध्ये कठड्यावर ओणवा होऊन मी मोजणीसाठी उघडल्या जाणाऱ्या मतपत्रिका बघत होतो. माझ्या बायकोच्या, अ‍ॅट्रॅक्टाच्या नावापुढे दोन, पुन्हा दोन, परत दोन. एकचा आकडा शोधावा लागत होता.

आमच्याकडे निवडणुकीत उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे असतात. आधी फक्त एक मोजतात. ज्याला एक दिला तो सगळ्यात कमी मतं पडून बाद झाला, किंवा त्याची मतं गरजेपेक्षा जास्त झाली, तरच तुमचा दोन बघतात. गेल्या खेपेला जागा पाच होत्या. सहावा हिस्सा मतं मिळाली की माणूस आत. अ‍ॅट्रॅक्टा आरामात आली आणि तिने आमच्या रुग्णालयातला तातडीचा विभाग बंद पडू दिला नाही. मग कुणा शहाण्याने मतदारसंघाच्या नकाशावर नदीतून रेघ ओढली. तिचं माहेर पलीकडे गेलं, जागा उरल्या तीन, आता चौथा हिस्सा हवा. दारोदार हे सांगून माझ्या घशाला कोरड पडली. लोक हसून म्हणायचे, “ती काय, येणारच!”

माझी बहीण डिम्पना सँडविचचा डबा घेऊन आली.

“वहिनी, मी तुला दोन दिला हं.”

“आणि एक कुणाला?” मी विचारलं.

“मॅलकीला. आमच्या ह्यांच्या मयताला भर पावसात आला, शवपेटीला खांदा दिला. एवढं तरी करायला नको?”

“मतांवर डोळा ठेवूनच येतो तो मयताला! तातडीचा विभाग बंद करा म्हणून हात वर केला होता त्याने. तुझ्या नवऱ्याचा पहिला झटका कुठे निभावला गं? त्याच विभागात ना?”

“ओरडतोस काय? गेल्या वेळीही मी दोनच दिला होता. आली की नाही वहिनी?”

“तेव्हा पाच जागा होत्या, बाई! पाच!”

दुपारी अ‍ॅट्रॅक्टा बाद झाली. तिचे गठ्ठे कप्प्यातून काढून पुढच्या पसंतीप्रमाणे वाटले. बरेचसे मॅलकीच्या कप्प्यात पडले, आपल्या गावचा म्हणून. त्या मतांवरच तो निवडून आला. डिम्पनाच्या दोनकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याचं थोबाड फोडावं असं मला वाटत होतं. खरं सांगतो, अख्ख्या गावाचंच. अ‍ॅट्रॅक्टा मात्र गेली आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

“मॅलकी, माझी माणसं आता तुझ्या पदरात आहेत. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखलं तर कुठे न्यायचं, ते तू सांगायचंस.”

तो हसला आणि फोटोवाल्याकडे वळला.

डिम्पना डबा पुढे करून उभी होती. डोळे भरले होते तिचे. “वहिनी, सकाळपासून काही खाल्लं नाहीस.”

समोर एक मुलगी रिकाम्या कप्प्यावरची अ‍ॅट्रॅक्टाच्या नावाची पट्टी सोलत होती. अ‍ॅट्रॅक्टाने डब्यातलं एक सँडविच उचललं, अर्धं मोडून डिम्पनाच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्या खाऊ लागली.

मी डब्याला हात लावला नाही.